दाब चौदा

ताजिमीत चिनीमातीचे जे थोडे कारखाने उरलेत
त्यातल्या एकात फुसाए वाडग्यांच्या काठावर निळी रेघ ओढते.
एकेचाळीस वर्षं. कुंचल्यात केस सात-आठ.
श्वास रोखायचा, चाक फिरवायचं,
रेघ आपली आपल्याला येऊन मिळते.

मार्चमध्ये एक खोकं परत आलं.
चोवीस वाडगे. प्रत्येकावर रेघ
जिथून निघाली तिथवर पोचलीच नव्हती,
तांदळाच्या दाण्याएवढी कमी.
तिला ती पुरी दिसली होती.

या दुखण्यात भोक दिसत नाही.
मेंदू शेजारचा रंग उचलतो आणि लिंपून टाकतो,
कसलेल्या कारागिरासारखा, सांधा न दाखवता.

डॉक्टर हिबिनोंनी दाब मोजला. चौदा.
जेवणानंतर पुन्हा मोजला. चौदा.
"उत्तम आहे," म्हणाले
आणि बराच वेळ पेनाचं टोपण शोधत राहिले.

"मग नस कोण खातंय?"
मांजरानं दूध प्यायलं का, असं विचारावं
तसं तिनं विचारलं.

"पेशी होरपळली की एक प्रथिन अंगावर ओढते.
जंतूही ओढतात. जवळजवळ तेच.
तुमच्या पहारेकऱ्यांनी लहानपणी, पोटात,
जंतूंचा तो वेष पाठ केलेला.
आता साठाव्या वर्षी
डोळ्याच्या मागच्या भिंतीशी कुणी तसाच उभा दिसतो.
कदाचित."

कदाचित ते तीनदा म्हणाले.
उंदरांबद्दल मात्र नाही:
जंतूचा वाराही न लागता वाढवलेले उंदीर,
डोळ्यांतला दाब चढवला तरी त्यांची नस शाबूत.
"पण तुम्ही उंदीर नाही, फुसाए-सान,"
आणि किंचित वाकले, जणू माफी मागत.

आमच्याकडे म्हणतात
डोळ्यांत तेल घालून राखण करावी.
राखणदारांनी तेच केलं असेल,
इतक्या मनापासून
की घरधन्याचा चेहरा विसरले.

रोज रात्री नऊला एकेक थेंब.
चौदाचे अकरा करण्यासाठी.
ज्याच्यावर संशय नाही
त्यालाच फक्त धरता येतं, म्हणून त्याला धरायचं.
फुसाएला यात वावगं वाटत नाही.
भट्टी बिघडली की तीही आधी चिमणीच साफ करते.

तिच्या भाषेत या आजाराच्या नावात हिरवा आहे,
माझ्या भाषेत काच.
हिरवी काच म्हटल्यावर ती हसली:
नवरा होता तोवर तेवढंच करायचा,
तांब्याचा लेप, चहाच्या वाटीच्या तळाशी
साचून राहिलेला.

चोवीसातला एक वाडगा तिनं ठेवून घेतलाय.
मान जरा उजवीकडे वळवली तर फट दिसते.
सरळ पाहिलं तर नाही.
बोटानं चाचपते.
बोटाला काहीच लागत नाही,
वर काच आहे.