पेट्यातले दगड

हॅगर्टच्या कुरणात पाणी साचतं, म्हणून चर खणायचा होता.
मीटरमागे पैसे. सतरा वर्षं डिगर चालवतेय,
मातीची जात मला बादलीच्या आवाजावरून कळते.
इथली पिवळी माती गप्प असते.
त्या दिवशी ती करकरली.

उतरून बघितलं. दीड हात खाली,
परातीएवढ्या गोलात, पांढरे गोटे.
मोजले. एकोणनव्वद.
काही कबुतराच्या अंड्याएवढे, काही बोटाच्या पेराएवढे,
आणि गुळगुळीत असे, की कुणी रोज हाताळून जपले असावेत.

आमच्या नदीचे दगड राखी, चपटे.
या गारगोट्या. सापडतात त्या पलीकडच्या डोंगरात,
दोन दिवसांच्या चालीवर.
पाणी काही इतकं निवडून आणत नाही.

गोटेच ना, हॅगर्ट म्हणाला, टाक बाजूला.

मी कोंबड्या सोलल्यात. पेटा चिरला की आत
वाळू निघते, काचेचा तुकडा, एकदा शर्टाचं बटण.
दात नसलेल्यांची ही रीत: जातं पोटात घेऊन हिंडायचं.
म्हणून कुणी सांगायच्या आधीच मला कळलं
की मी कुणाच्या तरी पोटात उभी आहे.

मोआ.
डोकं माझ्या डिगरच्या टपाएवढं उंच, पंख नावालाही नाहीत.
आला असेल डोंगरातून, वाटेत एकेक दगड पारखून गिळत,
या ओलीत बसला आणि उठला नाही.
पिसं वाऱ्यानं नेली. हाडं मातीनं सावकाश पचवली.
जातं तेवढं राहिलं,
दळणारा आत्ताच उठून गेल्यासारखं.

आम्हीच खाल्ले ते. उगाच दुसऱ्याचं नाव कशाला.
माझ्याच पूर्वजांनी, होड्यांतून उतरून,
शंभरेक वर्षांत, शेवटच्या तंगडीपर्यंत.
अजून म्हणतात आमच्यात, कुणी कायमचं गेलं की,
मोआसारखा गेला.
म्हणणाऱ्यानं मोआ पाहिलेला नसतो,
त्याच्या आज्याच्या पणज्यानंही नाही.

अठ्ठ्याऐंशी म्युझियमच्या माणसासाठी झाकून ठेवले.
एक मी चोरला. लिहून ठेवा.

घरी अंगणात होरोएका आहे.
वडलांनी लावलं की आपसूक उगवलं, यावरून भांडण व्हायचं.
पंधरा वर्षं ते झाड मेल्याचं सोंग घेऊन उभं होतं.
एकच काठी, तिच्यावरून खाली लोंबणारी पानं,
करवतीसारखी, कडक, मळकट तपकिरी,
कुणाला तोंड घालावंसं वाटू नये अशी.
वाळलंय म्हणत वडील दर उन्हाळ्यात कुऱ्हाड काढायचे
आणि आई आडवी यायची.
मग छपराच्या वर गेलं, तसं एका वर्षी
त्याला फांद्या फुटल्या, पानं हिरवी झाली, आखूड, साधी,
कुठल्याही झाडासारखी.
तिथवर चोच पोचत नव्हती ना.
चोच जाऊन सहाशे वर्षं झाली
हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
बुडाशी यंदा एक रोप आलंय. वीतभर.
करवती परजून तयार.

आई खुर्चीत बसली होती. रिपेका, हात धू, म्हणाली.

आई बाजारात मोठ्यानं बोलते, चर्चमध्ये तर फारच.
पण शाळेच्या फाटकावरून जाताना
आमची भाषा तिच्या तोंडात खाली बसते
आणि दोन्ही हात पाठीमागे जातात.
पॉलॉक मास्तरला पुरून चाळीस वर्षं झाली.
शाळेत आता तीच भाषा शिकवतात,
दारावर पाटी आहे, रंगीत.
आई ती वाचते. ओठांतल्या ओठांत.

मी तिच्या तळहातावर गोटा ठेवला.
काय आहे, तिनं विचारलं नाही.
अंगठ्यानं घोळवला, गालाला लावून बघितला,
मग लहान मूल घालतं तसा तोंडात घातला.

बराच वेळ नुसता दातांवर दगड वाजत होता.
मग काढून म्हणाली, अजून ऊब आहे गं याच्यात.

ती माझ्या खिशातली होती.
मी काही बोलले नाही.