थांबण्याची धूळ

जॅक लावला, नट सैल केले,
चारही चाकं उतरवून ताडपत्रीवर आडवी टाकली.
गाडी स्टँडवर उभी,
चपला बाहेर काढून परक्या घरात
अवघडून उभं राहावं तशी.

नऱ्ह्यातली आमची शेड पत्र्याची.
धुणं दहाच्या आत उरकावं लागतं,
नंतर पत्रा तापतो, चाक तापतं
आणि तापल्या चाकावर रसायन वाळलं
तर डाग आपल्याच नावावर.

वैजनाथ नवा आहे, अहमदपूरकडचा.
म्हणाला, धुतलेलीच आहेत की, अजून काय धुवायचं?
मी बाटली हलवली, फवारलं.
मिनिटभर काहीच नाही.
मग एका स्पोकच्या मुळातून जांभळा थेंब सुटला,
मग दुसरा,
मग अख्खं चाक जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखं.
वर कुजक्या अंड्याचा वास.
त्यानं नाक धरलं. "रगत हाय का काय?"
लोखंड आहे, म्हटलं. ब्रेकचं.
पाय दाबला की डिस्क झिजते जराशी,
तापलेली कणी उडते आणि रुतून बसते.
गाडी किती चालली ते मीटरवर बघ.
किती वेळा थांबली, ते हे.

नवले पुलाचा उतार असेल यात,
पुढचा ट्रक एकाएकी मोठा होत गेला तेव्हाचा.
स्वारगेटचा सिग्नल तर थरांनी असेल.
आणि लॉ कॉलेज रस्त्यावर आडवं आलेलं
एखादं कुत्र्याचं पिल्लू,
जे शेपूट हलवत पलीकडे गेलं
आणि ज्याच्या जिवाचे चार-दोन कण
आत्ता माझ्या ब्रशखाली आहेत.

पाणी मारलं. जांभळं सगळं गटारात.
मग डांबराचे ठिपके, रॉकेलसारख्या वासाचं काहीतरी लावून.
मग वजनाच्या पट्ट्यांचा जुना डिंक, नखानं.
मग क्ले, ओल्या चाकावर, बोटाला खरखर लागेनाशी होईपर्यंत.
आतली बाजू वैजनाथ टाळत होता.
"आतून कोण बघतंय, दादा?"
कोटिंग बघतं.
खाली जे राहील ते दोन वर्षं जपून ठेवतं,
घाण राहिली तर घाणसुद्धा.
तो मुकाट्यानं टूथब्रश घेऊन वाकला.

पुढच्या डाव्या चाकाच्या कडेला वीतभर ओरखडा.
पॉलिशपेपर भिजत घातला होता,
तेवढ्यात माटेबाईंचा फोन.
"तो घासायचा नाही."
म्हटलं, बाई, एकदा कोटिंग झालं की मग निघणार नाही.
"म्हणून तर सांगतेय."
पलीकडे कुकरची शिट्टी झाली, बाई थांबल्या,
मग म्हणाल्या, एकसष्टाव्या वर्षी लायसन्स काढलं मी.
पहिल्यांदा एकटीनं गाडी बाहेर काढली,
प्रभात रोडच्या गल्लीत फुटपाथला घासत गेलं चाक.
"आवाज आला मला, चांगला करकरून.
थांबले नाही."
आणि फोन ठेवला,
बरंय वगैरे काही न म्हणता.

पेपर पिळून बाजूला ठेवला.
त्या एका ओरखड्यावर माझा अर्धा तास गेला.
कानात घालायचा कापूस काडीला गुंडाळून
खाचेतली माती काढली, फुटपाथचा पिवळा रंग मात्र राहू दिला.
कडा बोटाला लागेल, कापणार नाही, इतपत.
शेवटी स्पिरिटचा हात, एकाच दिशेनं,
तेलाचा अंश, बोटांचे ठसे, माझे, त्याचे, सगळे गेले.

"याचे पैसे कमी घ्यायचे का, दादा?"
जास्त, म्हटलं.

आता चाकाला कुणी हात लावायचा नाही.
वैजनाथ दोन्ही हात वर धरून उभा,
ऑपरेशनच्या डॉक्टरसारखा, नखं जांभळी.
बाटली अत्तराच्या कुपीएवढी.
वरचा पत्रा तडतडायला लागलाय.
सुरुवात डाव्या चाकापासून.