अनामत

गुरुवारपर्यंत आलेख हवा, प्राचार्य म्हणाले.
दहा वर्षांचे पदवीधर, क्षेत्रनिहाय, रंगीत.
समिती येणार आहे आणि समितीला रंग आवडतात.

म्हणून वेंगुर्ल्याच्या या कॉलेजात
शेवटच्या तासानंतर मी फोन लावत बसलेय.
खिडकीतून बंदराकडचा उतार दिसतो.
पुढ्यात तक्ता: शेती, उद्योग, सेवा, शासन,
उच्च शिक्षण,
आणि तळाशी, बारीक अक्षरात, इतर.

चैताली रेडकर. रसायनशास्त्र, विशेष प्रावीण्य.
काजूच्या कारखान्यात आहे.
लॅबमध्ये का गं?
"नाही ओ मॅडम, ग्रेडिंगला.
दोनशे चाळीस, तीनशे वीस, पाकळी, तुकडा.
पण टरफलाच्या तेलानं कुणाचा हात सोलला
की सगळ्या मलाच विचारतात, काय लावू."
उद्योग, असं लिहिते.
खोडते.
पुन्हा उद्योगच लिहिते.

दत्तप्रसाद गिरप एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या भरतो,
मे महिन्यात पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो,
(दिसले नाहीत तर अर्धे पैसे परत)
चतुर्थीआधी मखरं करतो,
मधल्या पावसात जाळी विणतो, मामाची.
"मॅडम, तुमी खंयचो महिनो विचारतास?"
तक्त्याला महिने नाहीत.

रेश्मा मुजावरचा फोन सासूबाईंनी उचलला.
घरीच असते म्हणाल्या. मग थोडं थांबून,
तशी वीस पोरांची शिकवणी घेते ओटीवर,
कुणी पैसे देतं, कुणी बांगडे.
सेवा क्षेत्र. हे मात्र बिनचूक.

अकरा जण आरोंद्याचा पूल ओलांडून रोज गोव्यात:
हॉटेलच्या काउंटरवर, विमानतळाच्या बॅगांपाशी,
एक कॅसिनोत पत्ते वाटतो, आईला सांगितलंय बँक.
राज्याबाहेर स्थलांतरित?
पण जेवायला घरीच येतात, उशिरा का होईना.
सव्वीस जणांचे नंबर अस्तित्वात नाहीत.

दहा वर्षांपूर्वी एकशे बेचाळीस बाहेर पडले होते,
यंदा अठ्ठ्याहत्तर.
वाणिज्यच्या शेवटच्या वर्षाला एक्केचाळीस मुली आणि तीन मुलगे,
तिघेही मागच्या बाकावर,
बारावीनंतर निघून गेलेल्यांचे फोटो बघत.
याला कल म्हणायचं, हे मीच शिकवते वर्गात.
किनाऱ्यावरच्या माडालाही कल असतो,
त्याचा कुणी अहवाल मागत नाही.

आणि पहिल्याच वर्षाच्या यादीत, अनुक्रमांक सत्त्याण्णव:
मनस्वी तांडेल, अर्थशास्त्र.
सध्या तासिका तत्त्वावर. याच कॉलेजात.
मे-जूनला पगार नाही, दिवाळीत अर्धा.
स्वतःला फोन लावता येत नाही.
रकाना कोरा ठेवून पुढच्या नावाकडे गेले.

गुरुवारी आलेख लागला.
इतर सगळ्यांत उंच.
"हा जरा दबवा," प्राचार्य म्हणाले.
दबत नव्हता. मी त्याला फिकट पोपटी रंग दिला.

रात्री साडेअकराला लांबलचक नंबर.
"मॅडम, मिस्ड कॉल इलो तुमचो. जुझे.
जुझे फर्नांडिस, हजेरीत नसायचंय तो."
जहाजावर आहे, किचनमध्ये,
आत्ताच तीनशे माणसांची भांडी आवरली.
कुठल्या समुद्रात, ते त्यालाही नक्की माहीत नव्हतं.
क्षेत्र विचारायचं राहून गेलं, कारण त्यानंच विचारलं,
"लायब्ररीचे दोनशे रुपये अनामत भरलेले माझे.
आसत ना थंय?"
आहेत, म्हटलं. घरी पाठवू का कुणाकडे?
"नको, रवांदेत.
येतलंय तेवा न्हेतलंय."

सकाळी हेडक्लार्क यायच्या आधी
मी अनामतीची वही काढली. आतल्या पानांना कसर लागलेली.
बोट फिरवत मोजलं:
दहा वर्षांत परत न नेलेल्या, सहाशे बारा.
हा आकडा कुणी मागितला नव्हता.
पेन्सिलीनं शेवटच्या पानावर टिपून ठेवला,
माझे दोनशे धरून.