पिकाचा रकाना

कुडाशीच्या पुढे डांबर संपतं.
तिथून चालत गेलो, खांद्यावर फावडं,
पिशवीत सुतळी, लेबलं आणि छापील फॉर्म.

दोन खाचरं, मधे एकच बांध.
अलीकडचं देवमनचं: वर्षातून दोनदा भात,
बोअरचं पाणी, रोटरची चिखलणी,
मार्चातही हिरवं, चकचकीत.
पलीकडचं धनकीबाई चौरेचं.
तिथे काहीच नाही, असं मला वाटलं.

देवमनच्या कोपऱ्यात फावडं घातलं.
वीतभर लोण्यासारखं गेलं,
मग टण्ण.
दगड नव्हता. मातीच होती,
आधी बैलांच्या खुरांनी, मग ट्रॅक्टरच्या चाकांनी
ओली असताना थापलेली,
पाणी खाली जाऊ नये म्हणून मुद्दाम.
भाताला ती ताटली लागतेच.
पण कधी मागून हरभरा पेरला
तर त्याची मुळं तिच्यावर येऊन आडवी वळतात,
कुलूप बघून परत फिरणाऱ्या पाहुण्यासारखी.
ढेकूळ फोडलं: आत निळसर राखाडी,
वास जुन्या रांजणाच्या तळाचा.

"मन्हंबी आसंच व्हतं," बांधावरून धनकीबाई.

तीन पावसाळे तिने लावणी केली नाही.
पहिल्या वर्षी चुकलं, हे तिनेच सांगितलं.
गावभरची गुरं मोकळी चरली,
उघड्या मातीवर आषाढ कोसळला
आणि वरची बोटभर साय
पांझरेत गेली.
"पड पाडनं म्हंजे सोडी देनं नही."
दुसऱ्या वर्षी बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं.
मग टाकळा आला, कमरेएवढा, आपणच वाळून आडवा झाला.
मग कुंदा, ज्याला आमच्याकडे शिव्या देऊन खणतात.
खेकड्यांनी बिळं पाडली,
मुंग्यांनी त्यांच्या कामाचं कुणाला विचारलं नाही.

तिच्या खाचरात फावडं कोपरापर्यंत गेलं.
मुळं तुटत गेली, चर्र चर्र,
आणि एका गांडुळाचे माझ्या हातून दोन तुकडे झाले.
मी नजर वळवली. तिने नाही.

नऊ जागची माती गोणपाटावर मिसळली,
चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले.
नियमच तसा आहे.
ती वाकली, ते दोन भाग ओच्यात भरले
आणि जिथले तिथे नेऊन पसरले,
पेरताना पसरतात तशा हाताने.

मग फॉर्म. नाव, गट नंबर, पीक.
"पीक काही नाही," मी म्हणालो, पेन थांबलं.
"म्हैस भाकड ऱ्हास," ती म्हणाली,
"तवय तिले आयशी म्हनतस का कोनी?
चारा बंद करतस का?
लिखी ले. भाकड."
मी लिहिलं.

धुळ्याच्या हापिसात पडद्यावर टाईप केलं: भा.
खाली यादी उघडली. त्यात एकच शब्द होता.
रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नव्हतं,
घड्याळात साडेपाच होऊन गेले होते,
शेवटची पिंपळनेर गाडी सहाला.
मी त्या शब्दावर बोट दाबलं.

जूनमध्ये कार्ड द्यायला पुन्हा गेलो.
सेंद्रिय कर्ब देवमनच्या जवळजवळ दुप्पट.
हे मी दोनदा वाचून दाखवलं, जरा ऐटीत,
जणू मीच काही केलं होतं.
तिच्या नातीने कार्ड उलटं करून पुढचं वाचलं:
पीक, भात. युरिया इतक्या गोण्या,
तीन हप्त्यांत.

धनकीबाई आधी खाचराकडे बघत राहिली.
टाकळ्याची नवी दोन-दोन पानं
कुंपणाच्या बाहेरही यायला लागली होती.
मग हसली, दात नसलेलं, मोठ्ठं.
"मशीनले भूक लागनी व्हई," म्हणाली,
आणि कार्ड मिठाच्या मडक्यावर
झाकण म्हणून ठेवून दिलं.

बांधापलीकडे देवमनचा रोटर चालू होता.
तो मधेच बंद झाला.
"मन्हं काय उनं?" त्याने विचारलं.
मी पिशवीत त्याचं कार्ड शोधायला लागलो,
हाताला लागलं होतं, तरी शोधत राहिलो.