पास्ट, पास्ड

मडगावच्या जुन्या बाजारात आमचा छापखाना.
एस्पेरान्साबाई कागद ठेवते टेबलावर:
महिन्याच्या मिसेची कार्डं, पन्नास.
कायतानच्या नावापुढं तिनं लिहिलंय, पास्ट अवे.

मी पेन्सिल उचलतो.
बाई, इथं टी नको, शेवटी ईडी हवं.
पास्ट म्हणजे सरलेला काळ,
पास्ड म्हणजे निघून गेला.
कानाला सारखंच, घोळ फक्त लिहिताना.

ती चष्मा पुसते.
"म्हणजे टी घातला तर तो सरला,
आणि डीनं नुसता गेला?"
तसंच काहीतरी.
"मगे डीच घाल."

आमच्याकडे एकच शब्द, गेला.
सात वाजताच्या पणजी बसनं गेलेल्यालाही तोच.

मोजून दिलेल्या पैशांतली
दहाची नोट ती परत मागून घेते,
तिकिटाला लागेल म्हणून.