थेंबभर चांदी

डिसेंबरात भुतरामहट्टीच्या लॅबमध्ये
साबण गोठतो,
सुया-सुया होऊन बाटलीच्या तळाशी बसतो.
म्हणून पहाटेच पाणी तापवून ठेवते, अठ्ठावीस अंश,
बाळंतिणीच्या खोलीसारखं.

काल मल्लाप्पा दारातूनच म्हणाला,
‘केंपु बंतु, मॅडम.’
लाल. म्हणजे पुन्हा गोळेच.
मला कांड्या हव्यात,
तांदळाच्या दाण्याहून लाखपट लहान.

शहापुरात, ऐरणीवरून मान वर न करता
बाबांनी विचारलं,
‘ठोकत नाहीस, तार ओढत नाहीस,
मग आकार येतो कुठून?’
अडवून, म्हटलं.
साबण कुशींना बिलगतो, तिथं सोनं बसत नाही.
टोकं तेवढी मोकळी, मग ते लांबत जातं.
‘आणि थेंबभर चांदी घालते.’

हातोडी थांबली.
आमच्या घरात हे वाक्य
आजवर कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं.

आज नवी बाटली फोडली.
बी सोडलं. आता हलवायचं नाही.
वीस मिनिटं पाणी नुसतं पाणीच,
मग कुणीतरी जांभूळ चुरल्यासारखं
काहीतरी.

मल्लाप्पानं नळी खिडकीशी धरली,
उलटसुलट पाहिली.
केंपु म्हणाला नाही.