कपाटामागं

कपाट सरकवलं तर भिंतीवर
हिरवट-काळं काहीतरी उगवलेलं.
पंचगंगेच्या अंगाला घर म्हटल्यावर
आषाढ आत मुक्कामाला येतोच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केर झाडू नका,
ओल्या फडक्यानं टिपा,
गाद्या-उशा उन्हात टाका.
ऊन कुठलं? तीन आठवडे झाले.

शालननं अभ्रे उकळत्या पाण्यात काढले, पडदे उतरवले.
मी नाकाला पंचा बांधून भिंत घासली.
रेवू उंबऱ्यावर बसून माझ्या शिंका मोजत होती :
अकरा.

रात्री तरीही तिच्या छातीत
बारीक शिट्टी वाजलीच.

सकाळी माळ्यावर चढलो.
विकायचे राहिलेले बावीस जोड,
पट्ट्यापट्ट्यावर पांढरी लव,
बोट लावलं की पिठासारखी उडणारी.
अशाच चामड्याचे हात घेऊन
मी रोज तिला उचलत होतो.

पोत्यात भरले, सुभाषनगरला
दुकानी नेऊन टाकले.
आल्या आल्या मोरीत,
साबण कोपरापर्यंत,
सदरा बदलला.

तोवर ती हात पसरून समोर उभी.
'थांब,' म्हणालो,
'अजून ओले आहेत.'